दोन घोड्यांचा जोर

"हे बुद्धिबळ नव्हे," काका म्हणाले आणि उठून अगदी टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतके जवळ जाऊन बसले.

साल १९८७, सांगली, गावभागातला आमचा वाडा. मी नऊ वर्षांची. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं आणलेला, सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी पिक्चर संपेपर्यंत रात्रीचे दोन वाजलेले, बायका पोरांना उचलून आत गेलेल्या आणि भाडं तर पूर्ण रात्रीचं भरलंय मग तिसरी कॅसेट का सोडायची म्हणून ती लावली. त्या कॅसेटवर पेनानं नुसतं 'कराटे पिक्चर' लिहिलेलं. तेव्हा आमच्याकडे हाणामारीच्या कुठल्याही चिनी सिनेमाला कराटेच म्हणायचे, नाहीतर ब्रूस लीचा पिक्चर, मग त्यात ब्रूस ली असो नसो, आणि तो तर १९७३ सालीच गेलेला.

चित्र मधूनच लोळायचं, मग कुणीतरी ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, एकदा कॅसेट बाहेर काढून कोऱ्या नोटेनं हेडसुद्धा पुसून झालं. भाषा इंग्लिश, म्हणजे तोंड हलायचं एका चालीनं आणि आवाज यायचा दुसऱ्याच चालीनं, आणि वाड्यातला इंजिनिअरिंगला असलेला दादा जमेल तसं मराठीत सांगत होता. बापाला मारलंय, पोरगा कुंगफू शिकायला निघालाय, पांढऱ्या केसांचा एक खुनी एकेकाला गाठून मारत सुटलाय, मारायच्या आधी भुताच्या चेहऱ्याची एक चकती समोर फेकतो. मी भिंतीला टेकून अर्धवट झोपेत बघत होते. मग एक म्हातारा पटापाशी बसलेला दिसला आणि दादा म्हणाला, आता हा त्याला बुद्धिबळ शिकवणार. कुणीतरी पळत जाऊन काकांना उठवून आणलं, कारण बुद्धिबळ म्हटल्यावर त्यांना उठवणं भागच होतं.

सांगलीत बुद्धिबळ म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. १९४१ सालचं नूतन बुद्धिबळ मंडळ, भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं. काका त्या मंडळातले. मोठे खेळाडू झाले नाहीत, पण पट मांडलेला असला की तिथून हलायचे नाहीत. आणि समोर टीव्हीवर जो पट होता त्याला चौकोनात सोंगट्याच नव्हत्या, त्या रेघांवर ठेवल्या होत्या, सोंगट्याही नव्हेत, कॅरमच्या सोंगटीसारख्या चपट्या चकत्या आणि त्यांच्यावर अक्षरं. मधोमध एक पट्टा रिकामा.

मी हे सगळं आत्ता लिहायला बसलेय कारण त्या एका सिनेमाबद्दल मी गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत इतक्या माणसांची मतं ऐकली आहेत की ती कुठेतरी मांडावीशी वाटतात, आणि त्यातलं एक मत, जे सगळ्यात जास्त वेळा ऐकलं, ते मला चुकीचं वाटतं. फक्त चुकीचं का ते कळायला मला फार वर्षं लागली.

सिनेमाचं नाव 'द मिस्ट्री ऑफ चेस बॉक्सिंग', १९७९ सालचा, तैवानचा. दिग्दर्शक जोसेफ कुओ, चिनी नाव कुओ नान-होंग. हा माणूस आधी तैवानच्या स्थानिक बोलीतले सिनेमे करायचा, मग स्वतःची कंपनी काढून कुंगफूकडे वळला. त्या काळात हाँगकाँगमध्ये शॉ ब्रदर्सचा केवढा मोठा स्टुडिओ, क्लिअरवॉटर बेला, त्यात कायमचे उभारलेले रस्ते, वाडे, देवळं, कपड्यांची कोठारं, पगारी नटमंडळी. कुओकडे ह्यातलं फार थोडं. मग काय करायचं, तर माळावर जायचं, डोंगरउतारावर जायचं, दिवसाच्या उजेडात शूटिंग करायचं कारण सूर्याला भाडं द्यावं लागत नाही. ह्या सिनेमातल्या कितीतरी मारामाऱ्या गवतावर आहेत. मागे झाडं, वर आभाळ, मधे दोन माणसं. लोक म्हणतात स्वस्तातला सिनेमा, हो आहेच की, पण त्या स्वस्ताईमुळे झालंय असं की बघायला दोन माणसांच्या अंगाशिवाय दुसरं काही उरलेलंच नाही. सेटकडे बघत बसू म्हटलं तर सेट नाही. धूर नाही, अंधार नाही, चटचट तुकडे जोडून लपवालपवी नाही. कॅमेरा थोडा हळू फिरवतात, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या जागी २२ किंवा २०, की पडद्यावर जरा वेगात दिसतं, तेवढी एक युक्ती सगळेच करायचे. पण हात हातावर यायचा तर तो खरोखर यावाच लागतो, आणि दोघांच्या हाताची चाल एकमेकांना पाठ असावी लागते, एक चुकला तर दुसऱ्याचं नाक फुटणार.

हे आमच्यात पहिल्यांदा ओळखलं ते आप्पांनी. आप्पा म्हणजे वाड्याच्या मागच्या बाजूला राहणारे पैलवान, तेव्हा साठीच्या आसपासचे, तालमीत पोरांना शिकवायचे, सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे. तेही त्या रात्री जागे होते. बाकीचे सगळे उड्यांवर टाळ्या वाजवत होते आणि आप्पा एकटे पाय बघत होते. "पोराची बैठक बघा," म्हणाले, "पाय कसा रोवलाय. हे अंग खोटं न्हाई, ही मेहनत हाय." तो पोरगा म्हणजे ली यी-मिन, आ पाओचं काम करणारा. पुढे केव्हातरी वाचलं की तो तैवानच्या ऑपेरा शाळेत लहानपणापासून तयार झालेला, आणि त्या शाळांमध्ये सहा-सात वर्षांच्या पोरांना रोज तासन् तास हातांवर उभं राहणं, कोलांट्या, पाय ताणणं, गाणं, सगळं एकत्र शिकवायचे. आप्पांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी नुसत्या पायावरून ओळखलं.

स्वयंपाक्याचा भाग आला तेव्हा तर आप्पा अगदी पुढे सरकले. गोष्ट अशी की आ पाओ एका कुंगफूच्या शाळेत शिरतो, पण तिथे त्याला शिकवत कुणी नाही, मोठी पोरं नुसती छळतात, कामं करून घेतात. आणि त्या शाळेच्या स्वयंपाकघरातला म्हातारा ते बघत असतो आणि चूल, भांडी, जेवणखाण ह्यातूनच त्याला हळूहळू तयार करायला लागतो. हा म्हातारा म्हणजे युएन सिउ-तिएन. आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, जॅकी चॅनच्या दोन सिनेमांत ह्यानं फाटक्या कपड्यांच्या गुरूचं काम केलं आणि साठी उलटल्यावर हा माणूस एकदम सगळ्यांना हवासा झाला. जानेवारी १९७९ मध्ये वारलाच. म्हणजे आयुष्यभर ऑपेरात आणि सिनेमात बारीकसारीक कामं करून, मारामाऱ्या बसवून, शेवटच्या वर्ष-दीड वर्षात जे नाव झालं त्यातला हा एक तुकडा. काहीजण म्हणतात की तो फक्त नाव चालतं म्हणून घुसवलाय. घुसवला असेलही. पण मला विचाराल तर सिनेमाची अर्धी माया त्या स्वयंपाकघरात आहे. तालमीत खुराक बनवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त माहीत असतं कोण पैलवान होणार ते, हे आप्पाच म्हणाले होते.

आजीचं मतही सांगते. ती झोप येत नाही म्हणून दारात बसून बघत होती. दादा सांगत होता की त्या पांढऱ्या केसांच्या खुन्याची विद्या पाच तत्त्वांची आहे, धातू, लाकूड, पाणी, अग्नी, माती. आजी म्हणाली, पंचमहाभूतं. मग मोजून म्हणाली, नाही रे, वारा कुठाय? आकाश कुठाय? लाकूड कसं महाभूत होईल? बरोबरच विचारलं तिनं. आपली पंचमहाभूतं म्हणजे जग कशाचं बनलंय ते, आणि चिन्यांची पाच तत्त्वं म्हणजे कुठलं कशात बदलतं आणि कुठलं कुणाला हरवतं ते. धातू लाकूड तोडतो, लाकूड मातीत घुसतं, माती पाणी अडवते, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, आणि पुन्हा धातूपाशी. ह्या फेऱ्यात कुणीच सगळ्यांच्या वर नाही. सिनेमात म्हातारा गुरू पोराला हेच शिकवतो, की त्यानं अग्नी काढला तर तू पाणी काढ. आणि हे शिकवण्याच्या आधी पट मांडून बसतो.

तर काका. त्या रात्री काकांनी ठरवून टाकलं की हे बुद्धिबळ नव्हे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना वहीच्या कागदावर रेघा मारत बसलेले. त्यांचे आजोबा देशी पद्धतीनं खेळायचे, त्यात प्यादं पहिल्या खेपेलासुद्धा एकच घर जायचं, किल्लेकोट नव्हता, त्यामुळे नियम वेगळे असू शकतात हे त्यांना मान्य होतं. त्यांना राग एवढाच होता की सोंगटी रेघेवर का. आणि सिनेमात दोन-चार खेळी दिसल्या त्यावरून काही लागत नव्हतं, कारण कॅसेटवर पटाची एक बाजू दिसायचीच नाही.

ह्याचं कारण मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर वाईट वाटलं. हे सिनेमे रुंद पडद्यासाठी काढलेले. उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद चित्र. टीव्ही तेव्हाचा जवळजवळ चौकोनी. मग कॅसेट बनवताना काय करायचे, तर दोन्ही बाजू सरळ कापून टाकायचे. चित्राचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग गेला! आणि कुंगफूच्या सिनेमात दोन माणसं चित्राच्या दोन टोकांना उभी असतात, म्हणजे कापल्यावर राहतं काय, एकाचं कोपर आणि दुसऱ्याचं नाक, मधे गवत. पुण्याला कॉलेजात असताना आमच्या सिनेमा बघणाऱ्या ग्रुपमध्ये एकानं हीच कापलेली, दहादा कॉपी झालेली प्रत लावली होती, सगळे वीस मिनिटांत कंटाळले, एक मैत्रीण म्हणाली की ह्यांना कॅमेरा कुठे ठेवायचा तेसुद्धा कळत नाही. तेव्हा मी गप्प बसले, मला पण तसंच वाटलं. पण कॅमेरा बरोबर होता, कॅसेट चुकीची होती. तीच गोष्ट आवाजाची. हे सिनेमे मुळात आवाज न घेताच शूट व्हायचे, नंतर स्टुडिओत आवाज भरायचे, चिनीतसुद्धा, आणि इंग्लिश आवाज हाँगकाँगमध्ये राहणारे मोजके गोरे लोक द्यायचे, तेच तेच आवाज शेकडो सिनेमांत. तोंड आणि शब्द जुळत नाहीत म्हणून लोक नटांनाच वाईट नट म्हणून मोकळे होतात. त्या बिचाऱ्यांचा आवाज तरी ऐकलाय का आपण?

अर्थात सगळंच कॅसेटवर ढकलून चालणार नाही. म्हाताऱ्या गुरूचं काम करणारा जॅक लाँग तेव्हा काही म्हातारा नव्हता आणि पांढरी दाढी चिकटवलेली सरळ दिसते, ती कुठल्याही प्रतीत दिसते. मधला छळाचा भाग लांबलाय. विनोद आहेत ते मला आजही आवडत नाहीत. बापाचा खून, गुरू, तयारी, सूड, ही गोष्ट तर त्या वर्षी आलेल्या कितीतरी सिनेमांची आहे. आणि खलनायक नायकाला खाऊन टाकतो हेही खरंय. मार्क लाँग नावाचा नट, पांढरे केस, ताठ मान, सगळ्या अंगानं हसतो आणि हसता हसता एकदम थांबतो, तो आला की बाकीचे सगळे फिके. पण त्याचा राग पोकळ नाही. त्याला पूर्वी बऱ्याच जणांनी मिळून संपवायला बघितलेलं, तो वाचला, आणि आता एकेकाला शोधतोय. एकटा.

हे 'एकटा' लक्षात ठेवा, कारण आता ते मत सांगते.

शेवटच्या मारामारीत आ पाओ आणि म्हातारा गुरू, दोघं मिळून त्या एकाशी लढतात. बस. ह्यावर मी जितक्या जणांना सिनेमा दाखवला त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी तोंड वाकडं केलं. दोघं मिळून एकाला? पोरगा इतका शिकला मग एकट्यानं का नाही हरवत? नायक कसला हा? आणि हे सगळ्यात पहिल्यांदा म्हटलं आप्पांनी, त्याच रात्री. पहाटेचे चार वाजत आलेले, सगळे डोळे चोळत बघतायत, आणि आप्पा उठले. "दोघांनी एकाला? आरं ही कुस्ती न्हवं," म्हणाले आणि शेवट न बघताच निघून गेले. इतका वेळ इतक्या कौतुकानं बघणारा माणूस असा गेला की मला रडूच आलं. मला वाटलं आमच्या वाड्यानं त्यांचा काहीतरी अपमान केला.

पुढची बरीच वर्षं मीही तेच धरून होते. सिनेमा चांगला पण शेवट डरपोक. मग नोकरी, लग्न, मुंबई, सगळं झालं, सिनेमा मागे पडला. मधे एकदा भाच्याकडून कळलं की अमेरिकेत वू-टँग क्लॅन म्हणून रॅपवाल्यांची एक टोळी आहे, त्यातल्या एकानं आपलं नावच ह्या खलनायकावरून घेतलंय, घोस्टफेस किला, आणि त्यांच्या १९९३ सालच्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्याला ह्या सिनेमाचं नाव आहे. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर जुन्या थिएटरांत एका तिकिटात दोन-तीन कुंगफू सिनेमे दाखवायचे आणि गरीब वस्तीतली काळी पोरं ते बघत मोठी झाली. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं. म्हणजे आम्ही वाड्यात बघत होतो त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तसल्याच फाटक्या प्रतीत तोच माणूस हसताना बघत होतं.

मग करोनाच्या काळात घरात बसून असताना मी चिनी बुद्धिबळ शिकायला घेतलं. शियांगची. कारण खरं सांगायचं तर काकांची ती वहीतली रेघोटी माझ्या डोक्यातून गेलीच नव्हती. नऊ उभ्या रेघा, दहा आडव्या, सोंगट्या रेघांच्या फुल्यांवर, अशा नव्वद जागा. दोन्हीकडे सोळा-सोळा. मधला रिकामा पट्टा म्हणजे नदी. हत्ती आहेत पण ते नदी ओलांडत नाहीत. सेनापती नऊ जागांच्या महालातच फिरतो, बाहेर पडत नाही. एक तोफ आहे, ती मधे कुणीतरी असेल तरच त्याच्यावरून उडी मारून पलीकडच्याला मारते. आणि घोडा. घोडा आपल्यासारखाच अडीच घरं, पण उडी मारत नाही. तो आधी एक पाऊल सरळ टाकतो, मग तिरका. त्या पहिल्या पावलाच्या जागेवर कुणी उभं असेल, आपलं असो की परकं, तर घोडा अडला. घोड्याचा पाय अडकला असंच म्हणतात ते.

आणि तेव्हाच सिनेमाचं मूळ चिनी नाव समजलं. श्वांग मा लिएन ह्वान. श्वांग म्हणजे जोडी, मा म्हणजे घोडा, लिएन ह्वान म्हणजे कड्यात कडी अडकवलेली साखळी. दोन घोडे, एकमेकांत गुंतलेले. पटावरची मांडणी आहे ती, शिकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगतात, एका घोड्याला दुसऱ्याचा जोर आणि दुसऱ्याला पहिल्याचा. एकाला मारायला गेलात तर दुसरा तुम्हाला मारतो.

मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. इंग्लिशमध्ये 'चेस बॉक्सिंगचं रहस्य' असं करून टाकलं, आणि दुसऱ्या एका नावानं तर 'निंजा चेकमेट', ज्यात औषधाला निंजा नाही, फक्त तेव्हा निंजांची चलती होती म्हणून. आणि नावातून घोडे गेले, जोडी गेली. सिनेमा पहिल्यापासून ज्या शेवटाकडे चाललाय तो शेवटच मग लोकांना पळपुटा वाटायला लागला. तो एकट्याच्या विजयाचा सिनेमा नव्हताच कधी. पाच तत्त्वांत कुणीच एकटं जिंकत नाही, ते गोल फिरतं. खलनायक एकटा आहे आणि प्रत्येकाला एकेकटं गाठूनच मारतो, म्हणून तर जिंकत आलाय. त्याच्यासमोर पहिल्यांदा दोघं असे येतात की एकाला एकाचा जोर आहे.

आणि चिनी पटावरची एक गोष्ट आपल्या पटावर होऊच शकत नाही. आपल्याकडे एका घोड्याचा दुसऱ्याला जोर असला की उलटाही असतोच. तिकडे तसं नाही. एकाचा पाय मोकळा आणि दुसऱ्याचा अडकलेला असेल तर हा त्याला वाचवतो, तो ह्याला वाचवू शकत नाही. म्हणजे ही साखळी तोडायची असेल तर घोडा मारायला जायचं नाही, दोघांच्या मधे, त्या पायाच्या जागेवर, काहीतरी आणून ठेवायचं. आता ती शेवटची मारामारी पूर्ण रुंद, साफ केलेल्या प्रतीत बघा, ती आता मिळते. मार्क लाँग काय करतो ते बघा. तो सारखा दोघांच्या मधे शिरतो, एकाला लांब ढकलतो, दुसऱ्याला गाठतो. आणि ते दोघं सारखे फिरून पुन्हा एकमेकांजवळ येतात. कापलेल्या कॅसेटवर हे दिसणं शक्यच नव्हतं, तिथे तिघांतला एकजण कायम चित्राबाहेर. दिग्दर्शकानं हे घोड्याच्या पायापर्यंत विचार करून बसवलंय की नाही ते मी ठामपणे म्हणणार नाही, पण मला ते आता दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघताच येत नाही.

आणि मग मराठीचं काहीतरी डोक्यात चमकलं ते मी आधी बहिणीला फोन करून सांगितलं. डाव बघ. बुद्धिबळात डाव, कुस्तीत डाव. पट बघ. सोंगट्या मांडतो तो पट, आणि कुस्तीत पाय धरून खेचतात तोही पट, एकेरी पट, दुहेरी पट. आणि जोर! प्याद्याला घोड्याचा जोर, आणि तालमीत पहाटे उठून पोरं मारतात ते जोर. चेस बॉक्सिंग हे रहस्य असेल इंग्लिशवाल्यांना, २००३ साली युरोपात एक फेरी बुद्धिबळ आणि एक फेरी बॉक्सिंग असा खेळच सुरू केला एका डच कलावंतानं, आणि लोकांना केवढं नवल. आमच्या गावात पटावरचे आणि लाल मातीतले शब्द आधीपासून एकच आहेत. काका आणि आप्पा त्या रात्री एकाच टीव्हीसमोर बसून खरं म्हणजे एकाच भाषेत बघत होते.

गेल्या दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन सांगलीला गेले. काका आता एक्क्याऐंशीचे. हात थरथरतो, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण बुद्धी तशीच. त्यांना सांगितलं, काका, तो सिनेमा आणलाय. कुठला ते विचारायची गरज नव्हती. "रेघेवर सोंगट्या तो?" म्हणाले.

दुपारी सगळे झोपल्यावर आम्ही दोघांनीच बघितला. पट आला तसं मी थांबवला. ह्या वेळी पूर्ण पट दिसत होता. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून, बराच वेळ बघितला, आणि मी नियम सांगत गेले, नदी, महाल, तोफ. तोफेचं त्यांना फार आवडलं. घोड्याचं सांगितल्यावर मात्र म्हणाले, "छे, हा घोड्यावर अन्याय आहे." मग शेवट. काही बोलले नाहीत. संपल्यावर मी चिनी नावाचा अर्थ सांगितला, दोन घोडे, एकाचा दुसऱ्याला जोर, आणि कसं मधे शिरून तोडायला बघतो तेही सांगितलं. मला वाटलं खूष होतील, किंवा वाद घालतील. ते खिडकीतून मागच्या बाजूला बघत राहिले, जिथे आप्पांची खोली होती आणि आता पार्किंग आहे.

"हे आप्पांना सांगायला पाहिजे होतं गं," म्हणाले. "त्या माणसानं शेवट बघितलाच नाही. मी दुसऱ्या दिवशी म्हणालो होतो त्यांना, आप्पा, पटावर एकट्यानं कोण मारतं? मागं जोर नसेल तर वजीरसुद्धा फुकट जातो. तर म्हणाले, पट तुमचा, माती आमची. आणि विषय संपवला. आत्ता हे माहीत असतं तर मी त्यांना धरून बसवला असता."

मी येताना शियांगचीचा एक लाकडी सेट नेला होता, ऑनलाइन मागवलेला, तो काढला. अक्षरं लक्षात राहायला प्रत्येक चकतीच्या मागे मी मराठीत लिहून ठेवलंय, घो, ह, तो, रथाला र. पहिला डाव त्यांनी वीस खेळ्यांत घालवला, सारखा घोडा उडवायला जायचे आणि मी अडवायचे. दुसरा संध्याकाळपर्यंत चालला. दिवे लावायची वेळ झाली, वहिनी दोनदा हाक मारून गेली, आणि माझे दोन घोडे छान एकमेकांच्या जोरात उभे होते, मी निर्धास्त. काकांनी थरथरत्या बोटांनी एक साधं प्यादं उचललं, नदी कधीच ओलांडून आलेलं, आडवं सरकवलं आणि माझ्या एका घोड्याच्या पायाशी आणून ठेवलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बघ आता कुणाचा कुणाला जोर आहे ते."